नाना हॉटपॉट खातात

आमच्या घरात जेवताना नाना भिंतीकडे तोंड करून बसायचे. नाना म्हणजे माझे वडील. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे बसतात. मग एकदा शाळेतल्या मैत्रिणीकडे जेवायला गेले आणि तिचे वडील आमच्यासमोर मांडी घालून, घास तोंडात असतानाच गप्पा मारत, हसत जेवताना पाहिले, तेव्हा कुठे बघावं तेच मला कळेना. घरी येऊन आईला विचारलं. ती ओट्यावर फुलांचे क्रेट धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यांची सवय हाय ती. तू त्यांना नको विचारू."

कारण कळायला आणखी काही वर्षं गेली. त्यांच्या लग्नाच्या आधी विहिरीवरचं डिझेल इंजिन सुरू करताना त्याचं हँडल उलटं फिरलं आणि नानांच्या तोंडावर बसलं होतं. पुढचे दात तिथेच मातीत पडले, वरचे बाकीचे डॉक्टरांनी काढले. तेव्हापासून वरती कवळी. ती कधीच नीट बसली नाही. बोलताना कुणाला कळायचं नाही, पण खाताना ती सुटायची. मग नाना जिभेने ती वर ढकलायचे आणि टक्कन बारीक आवाज यायचा. पहाटे विहिरीवरची मोटर, फुलं तोडायला येणाऱ्या बायकांच्या बांगड्या, टेम्पोचं घरघरत सुरू होणं, तसाच हा आवाज आमच्या घराच्या आवाजांतला एक होता. मला तो ऐकूही येईनासा झाला होता. पण नानांना ऐकू येत असणार. फूलबाजारात कुणाला माहीत नव्हतं, पाहुण्यारावळ्यांत माहीत नव्हतं. लग्नाच्या पंगतीला नाना कधी बसत नसत. 'पोट बरं नाय' म्हणून निघून येत आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून भाकरी कुस्करून खात. आता माझ्या तोंडात दोन दात खोटे आहेत. मी ते कुणालाही हसत सांगते. पण नानांना ते जमलं नाही, आणि त्यांनी ते का जमवावं, असंही मला वाटतं.

आमचा मळा मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि बांधाच्या कडेने घरापुरती कोथिंबीर, मेथी. घराला कायम फुलांचा वास. तो देवघरातल्यासारखा गोड वास नव्हे. तोडलेल्या देठांचा, ओल्या गोणपाटाचा, जरासा कडवट. खाणं साधं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हुलग्याचे शेंगोळे. शेंगोळे नानांना फार आवडत, कारण ते मऊ. रविवारी मटण. आई ते काळ्या मसाल्यात इतकं शिजवायची की हाड आणि मांस आपोआप वेगळं व्हायचं. शिजताना वर येणारा करडा फेस ती पळीने काढून टाकायची आणि मला म्हणायची, "ही घाण असती. ही कधी राहू द्यायची नाय." नानांचं ताट ती सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात काळजीने वाढायची. हाडाचा तुकडा चुकूनही जाऊ द्यायची नाही.

योगेशदादा, माझा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दिसायला देखणा, आवाज खणखणीत, आणि माणसाला बोलतं करायची त्याला उपजत कला होती. डिप्लोमा करता करता त्याने मोबाइलवर खाण्याचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली. आज या ठिकाणची मिसळ, उद्या त्या ठिकाणची कोंडाजी चिवड्याची भेळ. घास घ्यायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि मग 'मित्रांनो' म्हणून सुरू करायचं. मला ते बघायला मजा यायची. तो मला क्लासला गाडीवरून सोडायचा, वाटेत स्वतःच्या हाताने भेळ भरवायचा. मी त्याच्यावर जीव टाकत होते. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचताना तो वाईटच होता असं कुणाला वाटू नये. वाईट माणसाची किळस येणं सोपं असतं.

एके दिवशी तो मळ्यात झेंडूचा व्हिडिओ काढत होता आणि मागून नाना काहीतरी बोलले. बहुतेक, "आरं ते पिवळं नको दाखवू, ते उद्याचं हाय," असं काहीतरी. लोकांना ते फार आवडलं. 'काका भारी आहेत', 'काकांना अजून दाखवा.' दादाने ते नानांना वाचून दाखवलं. नाना लाजले, पण खूश झाले. पोरगं आपल्याबरोबर वेळ घालवतंय, याचाच त्यांना आनंद जास्त होता. मग नाना पाणी धरताना, नाना गजरा ओवताना, नाना टेम्पोची काच पुसताना. तोवर सगळं बरं चाललं होतं.

त्या सुमारास गंगापूर रोडला एक नवं हॉटेल निघालं. चायनीज हॉटपॉट. मधोमध उकळता रस्सा ठेवायचा आणि कच्चे जिन्नस आपणच त्यात टाकून, शिजवून खायचे. त्या वर्षांत असली हॉटेलं आपल्याकडे नवी होती आणि शहरातली कॉलेजची पोरं रांगा लावत होती. तिथल्या मॅनेजरने दादाला बोलावलं होतं, पण एक अट घालून. काकांना घेऊन या.

"मला नाय जमायचं ते," नाना म्हणाले. आईकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही. आम्हा दोघींना कारण माहीत होतं. दादालाही माहीत होतं.

"नाना, मऊच असतं सगळं. उकडलेलं. सूप असतं हो ते," दादा म्हणाला. "आणि तुम्ही नुसतं बसा. मी काय खायचं ते सांगतो ना. तुम्ही माझ्यासाठी एवढं नाही करणार?"

एवढं म्हटल्यावर नाना काय बोलणार? त्यांनी इस्त्रीची पँट आणि बाजाराला घालायचा पांढरा शर्ट काढला. तेव्हा दादाने एक पिशवी आणली. तिच्यात धोतर आणि टोपी. माझ्या आजोबांचं धोतर, आईने पेटीत ठेवलेलं, डांबरगोळीच्या वासाचं.

"हे कशाला?" आई म्हणाली. "ते कधी धोतर नेसले? लग्नात सुद्धा नाय."

"आई, गावाकडचा लूक लागतो. नाहीतर काय मजा?"

नानांना धोतर नेसता येत नव्हतं. दादानेच मोबाइलवर बघून नेसवलं. नाना हात वर करून उभे राहिले, अंगरखा शिवायला माप देतात तसे. मी हसले. सगळेच हसलो. दुसरा मोबाइल धरायला म्हणून मला बरोबर घेतलं. आईचा सोमवार होता, ती आली नाही.

हॉटेलात शिरताना पहिला आला तो वास. नुसता मसाल्याचा नाही; गरम चरबीचा, ओल्या फडक्याचा आणि त्यावर मारलेल्या कुठल्याशा अत्तराचा. टेबलाच्या मध्ये खड्डा, खड्ड्यात शेगडी, शेगडीवर मोठं भांडं आणि भांड्याच्या मधोमध पत्र्याची आडवी भिंत. एका बाजूला पांढरट पाणी, दुसऱ्या बाजूला लाल. लाल बाजूवर तेलाचा थर इतका जाड की वाफ त्यातून वाट काढत फुटायची आणि पुन्हा तो थर मिटायचा. वर सुक्या मिरच्या आणि मिऱ्यांसारखे बारीक फुटके दाणे तरंगत होते. मॅनेजर म्हणजे कोरलेल्या दाढीचा एक तरुण. त्याने नानांना दोन्ही खांद्यांना धरून दिव्याखालच्या खुर्चीत बसवलं. "काकांना इथे घेऊ सर, इथे लाइट मस्त पडतो." नानांशी तो बोलला नाही, नानांविषयी बोलला.

मग एकेक ताटली आली. सुरळ्या केलेलं कच्चं मटण, बर्फाने पांढरट पडलेलं. पाण्याने फुगलेल्या, बोटांसारख्या कसल्याशा नळ्या. नारिंगी रंगाचे माशाचे गोळे. चेंडूसारखे दाबून बघावेसे वाटतील इतके गुळगुळीत. वजडीचे, बकऱ्याच्या पोटातले करडे पट्टे. कोंबडीचे पाय, सोललेले, बोटं वळवलेले. मी मटण खाणाऱ्या घरातली मुलगी. वजडी मी खाल्लेली आहे, कोंबडी घरी कापताना पाहिलेली आहे. त्या जिनसांची मला घाण वाटली नाही. पण ते सगळं एकाच भांड्यात पडत होतं. ज्या चिनी काड्यांनी कच्चं उचललं त्याच काड्या तोंडात जात होत्या आणि पुन्हा भांड्यात बुडत होत्या. शेजारच्या टेबलावरची पाच-सहा पोरंपोरी तेच करत होती. एकाने तोंडातला गरम गोळा परत रश्शात टाकला आणि सगळे खिदळले. आमच्या भांड्याच्या कडेने तोच करडा फेस गोल जमला होता, जो आई पळीने काढून टाकते. इथे तो कुणी काढत नव्हतं.

"हे कच्चंच आणलंय," नाना म्हणाले. "आपणच शिजवायचं, तर मग हितं यायचं कशाला?"

"वा नाना," दादा म्हणाला. "हेच परत म्हणा. इकडे बघून."

नानांनी पुन्हा म्हटलं. मग जरा मोठ्याने म्हटलं. मग हसत म्हटलं. मग टोपी थोडी मागे सारून म्हटलं. प्रत्येक वेळी ते वाक्य थोडं थोडं मरत गेलं, आणि शेवटी नाना म्हणाले ते नानांचं वाक्यच नव्हतं. कुणीतरी नानांच्या तोंडून काढलेला आवाज होता तो. दादाला तोच आवडला.

मग खाणं. दादा काड्या नानांच्या बोटांत अडकवून द्यायचा आणि म्हणायचा, "पडू द्या. उचलला की पाडा." नाना पाडायचे. रस्सा उडायचा, धोतरावर लाल ठिपके पडायचे. "आता घास घ्या. आता म्हणा, लय भारी." नाना घास घ्यायचे. गिळायचे. चावायचे नाहीत, मी बघत होते, ते चावतच नव्हते. मटणाची सुरळी, नूडल्स, पालक, सगळं तसंच घशाखाली ढकलत होते आणि वर पाणी पीत होते. "लय भारी," म्हणत होते. दादाला एकदा आवाज बरोबर आला नाही म्हणून तोच घास पुन्हा घ्यायला लावला. मधल्या वेळात वाटीतला रस्सा निवला होता आणि त्यावर चरबीची साय धरली होती. नानांनी ती सायीसकट तोंडात घेतली. 

थोड्या वेळाने नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "अशू, तोंड बधिर झालंय गं. मुंग्या आल्यागत. ओठ हाय का नाय तेच कळंना."

ते त्या बारीक दाण्यांमुळे होतं. ते चिनी दाणे जीभ बधिर करतात. पण नानांना ते माहीत नव्हतं. ते घाबरले होते. ओठांना बोट लावून बघत होते. मी दादाला म्हटलं, "बास आता. त्यांना नको देऊ आणखी."

"थांब गं, आत्ता तर मजा येतेय," दादा म्हणाला. आणि मॅनेजरकडे वळून म्हणाला, "ते तांदळाच्या पिठाचे चिकट असतात ना, राइस केक, ते आणा एक प्लेट."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढे अनेक वर्षं दादा म्हणत राहिला की ते त्याने सहज मागवलं होतं, त्याच्या मनात काही नव्हतं. असेलही. पण ते मागवताना तो माझ्याकडे बघत नव्हता, एवढं मला आठवतं.

त्या पांढऱ्या वड्या रश्शात पडल्या आणि फुगून वर आल्या. दादाने एक उचलून नानांच्या वाटीत घातली. "ही चावून खायची असते नाना. गिळू नका, घशात अडकेल." नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग दादाकडे पाहिलं. दादाने मोबाइल जवळ आणला, अगदी चेहऱ्याजवळ. नानांनी वडी तोंडात घातली आणि चावली. वडी चिकटली. जीभ बधिर, ओठ बधिर. कवळी सुटली आहे हे त्यांना कळलंच नाही. ते दोन बोटांनी वडी तोंडातून ओढायला गेले आणि वडीबरोबर कवळी बाहेर आली. लाळेच्या तारेला क्षणभर लोंबकळली, आणि भांड्यात पडली. लाल बाजूला.

शेजारच्या टेबलावरची एक मुलगी "ईऽऽ" म्हणाली. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि रुमाल तोंडाला लावला. तिच्याबरोबरच्या पोराने आधी मोबाइल वर धरला आणि मग हसायला लागला. मॅनेजर पुढे आला, भांड्यात डोकावला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. इतका वेळ त्या भांड्यात उष्ट्या काड्या पडत होत्या, कोंबडीची नखं उकळत होती, फेस साचत होता, त्याची त्या माणसाला घाण वाटली नव्हती. आता वाटली. "सर, हे भांडं आम्हाला हटवावं लागेल," तो दादाला म्हणाला.

नाना तोंडावर धोतराचा सोगा धरून बसले होते. त्यांचा वरचा ओठ आत गेला होता आणि चेहरा एकदम म्हाताऱ्याचा झाला होता. मी दादाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत धक्का होता, हे खरं. थोडी लाजसुद्धा होती. पण हातातला मोबाइल खाली आला नव्हता. तो नानांकडेच रोखलेला होता, स्थिर, आणि अंगठा रेकॉर्डिंग थांबवायच्या लाल ठिपक्यापासून दूर होता.

मी माझ्या हातातला मोबाइल टेबलावर टाकला, भांड्याशेजारचा झारा घेतला आणि भांड्यात घातला. मिरच्या वर आल्या, मटणाची चिंधी वर आली, मग कवळी आली. तिच्यात दाणे अडकले होते आणि तळव्याला तेल चिकटलं होतं.  मी ती पाण्याच्या ग्लासात बुडवली, हातरुमालाने पुसली, रुमालातच गुंडाळली आणि नानांच्या मुठीत दिली. त्यांनी मूठ मिटली. "चला," ते म्हणाले. दातांशिवाय तो शब्द नुसत्या हवेसारखा आला.

परत येताना टेम्पो नानांनीच चालवला. धोतर गुडघ्यांवर गोळा करून, टोपी मांडीखाली दाबून.  माझ्या केसांना, ओढणीला, हातांना तो चरबीचा वास चिकटला होता. मखमलाबाद नाक्याशी दादा म्हणाला, "नाना, तो भाग मी काढून टाकणार आहे." नाना "हं" म्हणाले.

घरी आईने दारातच विचारलं, "काय झालं?" नाना मोरीकडे जाता जाता म्हणाले, "गरम होतं. तोंड पोळलं." मग मोरीतून बराच वेळ चुळा भरल्याचा आवाज येत राहिला. मी मागच्या अंगणात जाऊन ओकले.

दादाने तो भाग काढला नाही. दोन-तीन दिवसांनी कॉलेजात एका मुलीने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे तुझे पप्पा ना गं?" कवळी पडते तो क्षण त्याने हळू केला होता, मग पुन्हा वेगाने, मग पुन्हा हळू. मागे स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज घातला होता. माझा झारा घातलेला हातही दिसत होता. खाली हजारो लोक हसत होते. कुणी 'क्यूट' म्हणत होते, कुणी ओकणारी हिरवी तोंडं टाकत होते. त्या मुलीनेही "ई" केलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून मोबाइल मागे घेतला.

मी घरी आले तेव्हा नाना बाजारातून परतले होते. शेवंतीचे दोन क्रेट न विकता तसेच परत आणले होते. फूलबाजारात कुणीतरी त्यांना बघून आपलं तोंड हाताने झाकलं होतं आणि भोवतीचे हसले होते. एवढं त्यांनी आईला सांगितलं, बाकी नाही. मला म्हणाले, "अशू, दाखव मला ते."

"नको नाना."

"दाखव."

फुलांच्या शेडमध्ये गोणपाटावर बसून त्यांनी तो व्हिडिओ पाहिला. एकदा पूर्ण पाहिला. मग म्हणाले, "परत लाव." दुसऱ्यांदा बघताना ते कवळी पडायच्या जागेशी थांबलेच नाहीत. त्याच्या आधीचं बघत होते. घास घेणं, गाल आत ओढणं, जिभेने वर ढकलणं. "मी असा खातो व्हय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवल होतं, आणि ते फार वाईट होतं. 

ती कवळी उकळत्या तेलात वाकडी झाली होती, ती पुन्हा बसलीच नाही. त्या दिवशी दिवेलागणीनंतर आईने ताटं वाढली. शेंगोळेच केले होते. नाना आले आणि त्यांच्या जागेवर बसले, पण भिंतीकडे वळले नाहीत. आमच्याकडे तोंड करून बसले, दादाच्या बरोबर समोर. आई म्हणाली, "आवं, असं काय बसलात?"

"आता सगळ्या मुलखानं पाहिलं," नाना म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून काय उपेग?"

आणि ते जेवायला लागले. कवळी नाही, तोंड मोकळं. शेंगोळा वरच्या हिरडीशी दाबून धरायचा, जबडा वर नेऊन नाकापर्यंत मिटायचा, ओठ आत ओढले जायचे, रस्सा हनुवटीवर यायचा, तो पालथ्या हाताने पुसायचा. मी बघत होते आणि मला शिसारी आली. माझ्या नानांची, माझ्या बापाच्या तोंडाची. त्याआधी आयुष्यात कधी आली नव्हती. त्यांनी इतकी वर्षं आम्हाला पाठ दाखवून आम्हाला या गोष्टीपासून राखलं होतं, आणि दादाने ती माझ्या हातात आणून दिली होती. त्या क्षणी मला दादाविषयी जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. त्याच्या ताटातून वाफ येत होती, त्याची बोटं रश्शाने चकाकत होती, आणि मला ती बोटंसुद्धा बघवेनात.

दादा ताट घेऊन उठायला लागला.

"बस," नाना म्हणाले. "हितंच जेव. तुला तर बघायला आवडतं."

तो बसला. "नाना, लोक प्रेम करतात हो तुमच्यावर," तो म्हणाला. "खाली काय काय लिहिलंय ते तरी बघा." त्याचा आवाज त्यालाच पटत नसावा, कारण तो शेवटी बारीक होत गेला.  आई उठली, दादाच्या ताटात आणखी एक पळी शेंगोळे घातले आणि त्याच्याकडे न बघता परत जाऊन बसली. त्याने ते सगळं खाल्लं. ताट संपेपर्यंत नाना समोर बसून राहिले.

दादाने नंतर तो व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो लोकांनी उचलून आपापल्या नावाने फिरवला होता. वर्षभरात दादा पुण्याला गेला आणि त्याचं चांगलं झालं. नानांना चांगल्या डॉक्टरकडे नेऊन नवी कवळी त्यानेच करून दिली. ती घट्ट बसली, आवाज करत नव्हती. नाना पंगतींना जायला लागले, चारचौघांत मटण चावून खायला लागले. दादाच्या पुण्याच्या घरी ते महिना-महिना राहायचे, नातवाला खांद्यावर घेऊन फिरायचे. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "सोड गं. पोरगं हाय आपलं. चुकलं त्याचं, संपलं." त्यांच्यापुरतं ते खरंच संपलं होतं. त्यांच्या बोलण्यात, वागण्यात मला कधी खोट सापडली नाही.

माझं मात्र तसं झालं नाही. रागाचं बरं असतं. भांडता येतं, रडता येतं, कधीतरी तो उतरतो. किळस तशी उतरत नाही. दादाने माझ्या लग्नात धावपळ केली, माझ्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढल्या, माझ्या मुलीच्या शिक्षणाला पैसे देताना मागेपुढे पाहिलं नाही. मी त्याचं सगळं मानते. पण तो माझ्यासमोर जेवायला बसला, घास उचलला, ओठ मिटले, की माझ्या नाकात तो वास येतो आणि माझं अन्न तिथेच थांबतं. मग मी पाणी आणायला उठते, भाकरी टाकायला उठते, फोन घ्यायला उठते. इतकी वर्षं मी उठते आहे.

नाना गेले त्यालाही आता बराच काळ झाला. गेल्या भाऊबीजेला दादा आला होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, गुडघे धरून बसणारा. ओवाळून झालं, मी त्याला वाढलं आणि भजी काढायच्या निमित्ताने आत आले. तो ताट हातात घेऊन माझ्या मागे स्वयंपाकघरात आला.

"अशू," तो म्हणाला, "तू माझ्यासमोर जेवत नाहीस."

मी गॅस बारीक केला.

"नानांनी मला माफ केलं होतं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "ते नाना होते."

 तेलात भजी लाल होत होती, ती मी झाऱ्याने काढली. त्याने एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं, मग ताट थोडं पुढे केलं.

"भात दे थोडा," तो म्हणाला.

मी वाढला.